सूचीच्या टूलबारवरची चौदा बटणं: काय ठेवलं, काय काढलं आणि फॉन्टपाशी कसं अडलो

हे प्रकरण एका टूलबारचं. त्यावर चौदा बटणं होती आणि त्यातली कुठली ठेवायची एवढाच प्रश्न होता. मला वाटलं होतं, एका दुपारचं काम आहे. मृगाच्या पावसात बसलो आणि निर्णय पक्का झाला तेव्हा शिवारात द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली होती.

आम्ही चौघं. गंगापूर रोडला दोन खोल्यांचं ऑफिस. नाशिकमधल्याच एका जुन्या खासगी संग्रहाचं ग्रंथसूचीचं सॉफ्टवेअर आम्ही बरीच वर्षं सांभाळतो. संग्रहात छापील पुस्तकं आहेत, मासिकांतल्या लेखांच्या नोंदी आहेत आणि एका कपाटात लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या. झोटेरो किंवा जॅबरेफ जे करतात तेच आमचं सॉफ्टवेअर करतं: नोंद भरा, शोधा, आणि लेखाच्या शेवटी हवी त्या पद्धतीची संदर्भसूची काढून घ्या. फरक इतकाच की इथल्या बहुतेक नोंदी मराठीत आहेत आणि त्या भरणाऱ्यांपैकी काहींनी संगणकाच्या आधी टाइपरायटर बडवलेला आहे. मी स्वतः या कामाआधी मेनरोडला डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम, करायचे. हे आताच सांगून ठेवते, कारण पुढे जी चूक झाली ती निदान माझ्या हातून व्हायला नको होती.

## बटणं काढायची वेळ का आली

जुना एडिटर म्हणजे नोंदीच्या खिडकीत बसवलेला छोटासा वर्डच होता. ठळक, तिरपं, अधोरेखन, खोडरेघ, वरचा अंक, खालचा अंक, फॉन्ट, आकार, अक्षराचा रंग, मागचा रंग, डावी-उजवी मांडणी, यादी, लिंक आणि इंग्रजी अक्षरं लहान-मोठी करायचं एक बटण, झाली चौदा. ती कोणी ठरवून दिलेली नव्हती. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं ठोकून ठेवलेल्या खुंट्या असतात तशी होती. आहेत म्हणून लोक त्यांना काही ना काही अडकवत गेले.

त्या एडिटरची देखभाल थांबली, ब्राउझर बदलले की तो रुसायला लागला, म्हणून नवा घ्यायचं ठरलं. नवा वेगळ्या जातीचा होता. मजकुरात काय काय असू शकतं ते त्याला आधी लिहून द्यावं लागतं आणि त्या यादीत नसलेली खूण तो मजकूर उघडतानाच टाकून देतो. झोटेरोनं २०२२ मध्ये सहाव्या आवृत्तीत टिपांचा एडिटर बदलला, तोही याच जातीचा, प्रोझमिरर नावाच्या तयार सांगाड्यावर उभा केलेला.

यातली मेख लक्षात घ्यायला हवी. आधी बटण काढलं असतं तर नवी नोंद तेवढी साधी झाली असती, जुनी होती तशी राहिली असती. आता मात्र बटण काढणं म्हणजे जुन्या नोंदीतली ती खूणही पुसणं. नोंद उघडली, एखादा स्वल्पविराम दुरुस्त केला, जतन केली, की खूण गेली. आणि गेल्याचं कोणाला कळणारही नाही.

## पहिली यादी

"मॅडम, सूचीत फॉरमॅटिंग लागतंच कशाला? सगळंच काढू या," आमच्यातला सगळ्यांत तरुण प्रोग्रामर म्हणाला.

त्याचं म्हणणं बरंचसं बरोबर होतं. पुस्तकाचं नाव तिरपं द्यायचं की अवतरणात, वर्ष कंसात की शेवटी, हे शैलीची फाइल ठरवते. संदर्भ कसा मांडायचा हे सांगणाऱ्या ज्या सीएसएल शैली झोटेरो वापरतं त्याच आम्हीही वापरतो. नोंदीत फक्त माहिती असावी: हे शीर्षक, हे लेखक, हे प्रकाशन, हे वर्ष. कोणी शीर्षक हातानं ठळक करून ठेवलं, तर ते प्रबंधातही ठळक येतं आणि ठळक अजिबात न चालणाऱ्या जर्नलमध्येही ठळकच येतं.

शिवाय खुणा मजकुरात टॅग होऊन, म्हणजे कोनकंसातल्या छोट्या सूचना होऊन, बसतात. आमच्याकडे त्याचा एक गमतीदार पुरावा होता. शीर्षकांची अकारविल्हे यादी काढली की काही पुस्तकं थेट 'अ'च्याही आधी येऊन उभी राहायची. कारण असं की टॅग कोनकंसानं सुरू होतो आणि त्या कंसाचा युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातला, क्रमांक देवनागरीच्या सगळ्या अक्षरांच्या आधीचा. ज्या पुस्तकाचा पहिला शब्द कोणी तिरपा केला, ते रांग मोडून पुढे. ग्रंथपाल ताईंची समजूत होती की ही महत्त्वाची पुस्तकं आम्ही मुद्दाम वर ठेवली आहेत, आणि त्यांनी कधी तक्रारही केली नव्हती.

तरी सगळं काढता येत नाही. शीर्षकाच्या आत कधी कधी असं काही असतं जे शैलीला बाहेरून कळणं शक्यच नाही. द्राक्षबागेतला 'डावणी' रोग ज्या बुरशीसदृश जिवामुळे होतो, त्याचं शास्त्रीय नाव प्लाझ्मोपारा व्हिटिकोला. इंग्रजी लेखाच्या सरळ शीर्षकात हे दोन शब्द तिरपे हवेत. तेच नाव एखाद्या पुस्तकाच्या शीर्षकात आलं आणि शैलीनं ते शीर्षकच तिरपं केलं, तर हे दोन शब्द उलटे सरळ व्हायला हवेत. ही उलटापालट सॉफ्टवेअर आपण होऊन करतं, पण ते दोन शब्द कुठले हे कोणीतरी आधी सांगून ठेवलेलं असेल तरच. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकावरच्या लेखांत कॉपर सल्फेटच्या सूत्रातला चार खालीच उतरला पाहिजे. आणि इंग्रजी विशेषनामांचं पहिलं अक्षर मोठंच राहिलं पाहिजे. १९८५ पासूनच्या बिबटेक या संदर्भसूची काढणाऱ्या सॉफ्टवेअरची नेहमीची शैली लेखाच्या शीर्षकातली पहिलं सोडून सगळी अक्षरं लहान करते, आणि महिरपी कंसात झाकलेला शब्द तेवढा वाचतो. कंस विसरला की नाशिकचा 'एन' लहान. अशी प्रूफं मी पाहिली आहेत.

म्हणून कसोटी ठरली: शैलीला ओळखता येणार नाही असा अर्थ ज्या खुणेतून जातो ती ठेवायची, बाकी सगळं बाहेर. या कसोटीवर चार उरली. तिरपं, वरचा अंक, खालचा अंक आणि 'केस बदलू नका', म्हणजे इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आहेत तशीच ठेवा. झोटेरोच्या शीर्षकात चालतात त्या खुणाही साधारण इतक्याच आहेत. तिथे ठळक आणि स्मॉल कॅप्स (मोठ्या इंग्रजी अक्षरांची छोटी रूपं) जास्तीची.

हे नोंदीच्या रकान्यांचं झालं. टिपांच्या चौकटीचं वेगळं. तिथे माणूस स्वतःसाठी लिहितो, त्याला ठळक, यादी, लिंक, मागचा रंग लागणारच. इतकी वर्षं दोन्हीकडे एकच टूलबार होता हीच मुळातली गफलत. टिपांचा प्रश्न आम्ही दहा मिनिटांत मिटवला आणि त्याबद्दल पुन्हा बोलायची वेळ आली नाही.

## कपाटापाशी बसल्यावर

यादी घेऊन मी संग्रहात गेले. खरं तर सही घ्यायला गेले होते.

ताईंनी यादी वाचली आणि पहिलंच विचारलं, "अगं, लाल रंग कुठे गेला?"

लाल रंग म्हणजे त्यांच्यासाठी शोभा नव्हती. सूचीकाराचा जुना नियम आहे, ग्रंथ हातात धरल्याशिवाय नोंद पक्की नाही. दुसऱ्या कोणाच्या सूचीवरून उतरवलेली आणि प्रत अजून न पाहिलेली नोंद त्या लाल करून ठेवत. प्रत मिळाली, मुखपृष्ठ ताडून पाहिलं, की काळी. खोडरेघ म्हणजे निर्लेखित, पुस्तक संग्रहातून अधिकृतपणे बाद. हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. त्यांना आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना ते ठाऊक होतं, बस.

आमच्या कसोटीवर लाल रंग नापास होता, कारण संदर्भसूचीत तो कुठेच छापला जात नाही. आणि तरी संग्रहातली सगळ्यांत मोलाची माहिती त्या रंगात होती. यावर उपाय सोपा निघाला. 'प्रत पाहिली / पाहिली नाही' असा वेगळा रकाना आणि 'निर्लेखित' अशी स्थिती. जुन्या लाल आणि खोडलेल्या नोंदी आपोआप त्यात गेल्या. ताईंना आता प्रत न पाहिलेल्या नोंदींची यादी एका क्लिकवर मिळते, जी रंगातून कधीच मिळाली नव्हती. तरी त्यांची अट होती की यादीत ती ओळ लाल दिसलीच पाहिजे. दिसते. रंग आता स्थितीवरून लागतो, हातानं लावावा लागत नाही.

ठळक मात्र सहज सुटलं. ते जवळजवळ सगळं लेखकाच्या नावावर होतं, कार्डाच्या माथ्यावर नाव उठून दिसावं म्हणून. ते काम शैलीकडे दिलं. आकार आणि मांडणी यांच्याबद्दल कोणी विचारलंसुद्धा नाही.

अधोरेखन हे तिसरंच प्रकरण निघालं.

संग्रहात एक निवृत्त शिक्षक रोज दुपारी येतात. त्यांना सगळे सर म्हणतात. पांडवलेण्यांच्या शिलालेखांवर जे जे छापून आलं त्याच्या नोंदी त्यांच्या आहेत आणि त्या नोंदींत पुस्तकांची नावं अधोरेखित आहेत. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "टाइपरायटरला तिरपं अक्षर कुठून आणायचं? खाली रेघ मारायची. प्रेसमध्ये कंपोझिटरला कळायचं, हे तिरपं लावायचं." हे अगदी खरं आहे. प्रूफाच्या खुणांत शब्दाखालची सरळ रेघ म्हणजे तिरपं आणि नागमोडी रेघ म्हणजे ठळक. एमएलए या संदर्भ देण्याच्या इंग्रजी पद्धतीनंसुद्धा पुस्तकांच्या नावांखालची रेघ सोडून तिरप्याचा आग्रह धरला तो २००९ च्या सातव्या आवृत्तीत. म्हणजे सरांच्या रेघा म्हणजे तिरप्याच होत्या, फक्त जुन्या पोशाखात. मग सोपं आहे, सगळं अधोरेखन तिरप्यात बदलून टाकू, असं मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पोथ्यांच्या नोंदी पाहिल्यास का?"

नव्हत्या पाहिल्या. हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीत प्रत्येक पोथीचा आरंभ आणि समाप्ती जशीच्या तशी उतरवून देतात, कारण दोन पोथ्या एकाच ग्रंथाच्या आहेत का हे त्यावरूनच ठरतं. वैदिक पोथ्यांचा आरंभ म्हणजे सस्वर मंत्र. ऋग्वेदाच्या छपाईत अनुदात्त, म्हणजे खालचा स्वर, दाखवायला अक्षराखाली आडवी रेघ असते आणि स्वरित, म्हणजे उतरता स्वर, दाखवायला अक्षरावर उभी. नोंदी करणाऱ्या कोणा भल्या माणसानं आडव्या रेघेसाठी अधोरेखनाचं बटण वापरलं होतं. एकेक अक्षर निवडून. उभ्या रेघेसाठी टूलबारवर काहीच नव्हतं, म्हणून ती सोडून दिली होती. अर्धे स्वर उतरलेले, अर्धे नाहीत.

हे सगळं मी सरसकट तिरपं करणार होते. अनुदात्त अक्षर तेवढं कललेलं, अशा मंत्रांच्या नोंदी!

युनिकोडमध्ये या दोन्ही खुणांना स्वतःची जागा आहे. (गंमत म्हणजे उभ्या रेघेच्या खुणेचं तिथलं नाव उदात्त, म्हणजे तिसऱ्याच, वरच्या स्वराचं आहे आणि ती वापरली जाते मुख्यतः स्वरितासाठी. नाव एकदा पडलं की युनिकोडमध्ये बदलत नाही.) म्हणून नियम असा केला: पूर्ण शब्दाखाली रेघ असेल तर ते ग्रंथाचं नाव समजायचं, एखाद्याच अक्षराखाली असेल तर काही बदलायचं नाही, ती नोंद माणसासमोर ठेवायची. सरांनी त्या बसून पाहिल्या. बहुतेक अनुदात्त होते. काही रोमन लिपीतली तमिळ नावं होती, ज्यात 'ळ'सारख्या त्या खास तमिळ वर्णासाठी 'एल'खाली रेघ देतात. काही ठिकाणी हात चुकून लागलेला होता.

कामाच्या मधेच सर एकदा म्हणाले, "शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतचे मराठी ग्रंथ सूचीत आणले. त्यांच्याकडे कुठलं बटण होतं?" मला काही उत्तर सुचलं नाही. आमचा तरुण प्रोग्रामर सोबत होता, तो म्हणाला, "सर, त्यांच्याकडे कंपोझिटर होता." यावर सर मनापासून हसले.

## फॉन्ट

चौदा बटणांपैकी ज्याच्यावर कोणाचंही दुमत नव्हतं ते फॉन्टचं. ताई म्हणाल्या काढा, सर म्हणाले काढा, आम्ही तर काढायला टपलेलोच होतो. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर जो कचरा येतो त्यातला मोठा वाटा फॉन्टच्या नावांचा असतो.

सगळ्या नोंदींची एक प्रत काढली, ती नव्या एडिटरमधून फिरवली आणि नमुन्याला काही नोंदी उघडल्या. पहिल्या दहा-बारा छान. मग एक आली जिच्या शीर्षकात इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, दोन कोलन, परत इंग्रजी अक्षरं असा चिवडा होता.

"मॅडम, एन्कोडिंग गंडलंय बहुतेक," आमचा तरुण प्रोग्रामर म्हणाला.

माझ्या पोटात गोळा आला, कारण मला ते वाचता येत होतं. ही वेलांटी, हा अर्धा ग, हा त्याचा काना. दहा वर्षं हेच टाइप केलं होतं.

युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट कसे चालायचे हे ज्यांनी डीटीपी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. फाइलमध्ये देवनागरी नसतेच. तिथे साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. फॉन्टचं नाव पुसलं की पोशाख उतरतो आणि खालचा चिवडा दिसतो. त्यातही प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा तक्ता निराळा. एकात जे 'क' तेच दुसऱ्यात 'ळ'. कंपन्यांची नावं घेत नाही, डीटीपी केलेल्यांना ती पाठ आहेत, आणि तेव्हा त्यांच्याशिवाय मराठी पुस्तक निघत नव्हतं हेही खरं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण छापखान्यांत ती पोचायला पुढची बरीच वर्षं गेली.

तर संग्रहातल्या जुन्या नोंदी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या आणि पुढे तशाच चिकटवल्या होत्या. त्या नोंदींपुरतं फॉन्टचं नाव ही सजावट नव्हती. कुलपाची किल्ली होती. कुठला तक्ता लावून हा मजकूर सोडवायचा हे सांगणारी ती एकच गोष्ट, आणि आम्ही ती एकमतानं फेकून देत होतो. नशीब, प्रतीवर चाललं होतं.

आणखी एक उलगडा झाला. "जुनी पुस्तकं तुमच्या सॉफ्टवेअरला सापडत नाहीत," अशी ताईंची फार दिवसांची तक्रार होती. आम्ही दर वेळी शोधाचा कोड तपासायचो, तो बरोबर असायचा. ताई युनिकोडमध्ये 'गोदावरी' टाइप करत होत्या आणि नोंदीत गोदावरी नव्हतीच, गोदावरीसारखी दिसणारी इंग्रजी अक्षरं होती. त्या दाखलक्रमांकावरून पुस्तक काढायच्या, आणि क्रमांक त्यांना पाठ.

मग क्रम बदलला. फॉन्टचं बटण टूलबारवरून काढायचं, पण फॉन्टची खूण नव्या एडिटरच्या यादीत तात्पुरती ठेवायची. आधी रूपांतर, मग खूण पुसायची, आणि जोवर रूपांतर माणसानं तपासलेलं नाही तोवर मूळ मजकूर नोंदीच्या मागे जपून ठेवायचा.

रूपांतर म्हणजे नुसती अक्षरामागे अक्षर बदलणं नव्हे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफाराचं बरोबर उलटं. तो जुन्यात अक्षर संपल्यावर मारायचा, युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त आधी. जोडाक्षरावर वेलांटी आणि वर रफार असा शब्द आला की साधा तक्ता कोलमडतो. आणि मराठीचा तो खास अर्धा र. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत शिक्षक आणि स्वयंपाकी इतकं अंतर आहे. आम्हाला मिळालेला एक तयार तक्ता हिंदीसाठी केलेला होता, त्यानं सगळ्या आचाऱ्यांना आचार्य करून टाकलं. 'दऱ्याखोऱ्या' तर वाचवेना. तो भाग मी हातानं लिहिला, जुनी प्रूफं समोर ठेवून. या सगळ्या कामात तेवढंच मला मनापासून आवडलं.

## टूलबार शेवटी कसा झाला

तिरप्याच्या बटणाचं नाव काय ठेवायचं यावर एक अख्खी बैठक गेली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

देवनागरीला खरं तिरपं वळण नाही. रोमनमध्ये तिरप्या अक्षराचा घाट वेगळा असतो. देवनागरीत बहुतेक वेळा संगणक सरळ अक्षरालाच ढकलतो, शिरोरेषा जागेवर आणि दांडे कललेले. मराठी छपाईत म्हणूनच ग्रंथाचं नाव एकेरी अवतरणात द्यायची रीत आहे. मग मराठी नोंदीत कोणी 'तिरपं' दाबलं, तर त्याला काय हवंय? कललेली अक्षरं नकोच आहेत. हे ग्रंथाचं नाव आहे एवढं सांगायचंय. म्हणून बटणाचं नाव 'ग्रंथनाम' केलं. छापताना मराठी असेल तर अवतरण, इंग्रजी असेल तर तिरपं, ते शैली पाहील.

इथे द्राक्षांवर पीएचडी करणारी एक मुलगी, जी संग्रहात जुने शेतीविषयक अंक चाळायला येते, तिनं हरकत घेतली. "मॅडम, मी बुरशीच्या नावावर 'ग्रंथनाम' दाबायचं का?" बरोबरच होतं. म्हणून दुसरं बटण आलं, 'शास्त्रीय नाव'. म्हणजे चौदातून कमी करायला निघालो आणि एकाची दोन केली. प्रोग्रामरनं कपाळाला हात लावला. माझं मत अजून तेच आहे: बटणं किती हा मुद्दा नाही, दाबणाऱ्याला ते का दाबतोय हे कळतं का हा आहे. 'तिरपं' कळत नव्हतं, ही दोन कळतात.

याची किंमतही आहे. बाहेर पाठवताना दोन्ही खुणांचा एकच तिरप्याचा टॅग होतो, कारण झोटेरोला तेवढाच समजतो. आमच्याकडून नोंद बाहेर गेली आणि परत आली, की ग्रंथनाम कुठलं आणि शास्त्रीय नाव कुठलं हा फरक पुसलेला असतो. परत आलेल्या टॅगला आम्ही भाषेवरून नाव देतो, मराठी नोंद असेल तर ग्रंथनाम, आणि नसेल तर विचारतो. यापेक्षा बरं काही सुचलेलं नाही.

वरचा आणि खालचा अंक राहिले. युनिकोडमध्ये खालच्या अंकांची तयार अक्षरं आहेत, टॅगची गरज काय, असा एक पर्याय होता. पण मग साधा चार टाइप करून शोधणाऱ्याला खालचा चार सापडत नाही, त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. टॅग ठेवला आणि शोधताना, क्रम लावताना आणि दुबार नोंदी ताडताना सगळे टॅग बाजूला काढायचं ठरवलं. त्याबरोबर 'अ'च्या आधीची ती मानाची रांगही मोडली. इंग्रजी क्रमवाचक अंकांमागचं 'टीएच' वर्ड आपण होऊन वर चढवतं, ते चिकटवतानाच खाली उतरवतो.

'केस बदलू नका' हे बटण मराठी नोंदीत फिकट दिसतं, कारण आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नाहीच. आधी ते पूर्ण लपवलं होतं, तर "बटण गेलं" म्हणून फोन आले.

आणि दोन गोष्टी अशा आल्या ज्या चौदांत नव्हत्याच. एक, 'साधं करून चिकटवा', जे आता न सांगता आपोआप होतं. दुसरी, भाषेची खूण. इंग्रजी शीर्षकात मराठी शब्द असेल किंवा हिंदी नोंदीत मराठी नाव, तर तेवढ्या शब्दांवर ती लावता येते. पाकळीचा ल आणि देठाचा श ज्या फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळे दिलेले असतात, तिथे ही खूण असली तरच ते उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. ताईंना हा फरक कोणी सांगावा लागला नाही. त्यांनी पहिल्या छापील यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा श आपला आहे."

## अजून अडलेल्या नोंदी

ज्या नोंदींत फॉन्टचं नाव होतं त्या सुटल्या. काहींत ते नव्हतंच. ज्या संगणकावर त्या भरल्या गेल्या, तिथे तो फॉन्ट कायमचाच लावलेला असणार, म्हणून प्रत्येक नोंदीत त्याचं नाव लिहिलं गेलं नाही. तो संगणक कधीच भंगारात गेला.

या नोंदींवर आम्ही माहितीतले सगळे तक्ते एकेक करून लावून पाहतो आणि ज्यातून ओळखीचे मराठी शब्द सर्वांत जास्त निघतील तो समोर ठेवतो. लांब शीर्षकाला हे जमतं. दोन शब्दांच्या शीर्षकाला दोन तक्ते दोन वेगळी आणि दोन्ही पटणारी नावं काढून देतात. तिथे पुस्तक कपाटातून काढून पाहणं हाच मार्ग, आणि त्यातलं काही निर्लेखित झालेलं आहे.

मागच्या आठवड्यात ताईंना आठवलं की त्या काळात टायपिंगला देवळालीचे एक काका यायचे. त्यांचा नंबर जुन्या डायरीत निघाला. काका म्हणाले, फॉन्ट आठवत नाही, पण कीबोर्डवर 'क' कुठे होता ते बोटांना आठवतंय, कीबोर्ड समोर ठेवा, दाखवतो. शनिवारी त्यांना रिक्षानं आणायचं ठरलंय.